गाण्याच्या मधातला खड्डा

नवा डॅक आला त्या दिवशी बायकोने खोक्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, “जुन्याले काय झालं?”

जुन्याला काहीही झालं नव्हतं. सकाळपर्यंत तो व्यवस्थित वाजत होता. पण हे कबूल करणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं, म्हणून मी कात्री शोधण्याच्या निमित्ताने आत सटकलो. कुरिअरवाला फाटकातूनच ओरडला, “साहब, फिर वही डिब्बा? इस बार थोड़ा भारी है.” कोणाच्या घरी काय येतं हे घरच्यांच्या आधी त्याला ठाऊक असतं. बायकोने त्याला ओटीपी सांगितला आणि न सांगता आलेल्या पाहुण्याची पिशवी ठेवावी तसा खोका टेबलावर ठेवला.

ज्यांना ही कीड लागलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये गाणं हे गाणं म्हणून नसतंच. तिथे नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं जे यंत्र, त्याला डॅक म्हणतात. मोबाइलच्या पोटात एक साधासुधा डॅक असतोच आणि बहुतेक लोकांचं आयुष्य त्यावर सुखाने निघून जातं. काहींचं जात नाही. ते आधी बोटाएवढा डॅक घेतात, मग डब्याएवढा, मग त्याहून जड, आणि दर वेळी घरच्यांना सांगतात की हा शेवटचा. माझा हा तिसरा होता.

मी फुलचूरला राहतो आणि गोंदियातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. माझ्या टेबलाच्या वर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे आणि तिच्याखाली बसून मी दिवसभर पेनचं टोपण उघडबंद करत असतो. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. जेवता जेवता उठतो, बोलता बोलता उठतो, गाणं ऐकायला बसलो तरी दुसऱ्या कडव्याला खिडकीशी असतो. मी बसलो की खुर्ची कुरकुरते आणि उठलो की बायको, असं आमच्या घरी ठरून गेलं आहे.

तरीही शांतता हा माझ्या माहितीतला विषय. आमचे बाबा राइस मिलमध्ये मिस्त्री होते. गोंदियालगतच्या मुर्रीच्या अंगाला मिल आणि मिलच्या आवारातच आमचं क्वार्टर. हंगामात धान यायला लागलं की मिल थांबायची नाही. धान भरडणारं हलर, पट्टे, पंखे, भुशावर चालणारं बॉयलर, सगळं एकदम. आई वाढताना ओरडून विचारायची, भात पाहिजे का. आम्ही ओरडून सांगायचो, नको. मिलची पोरं भांडतात की बोलतात हेच कळत नाही, असं शाळेतले गुरुजी म्हणायचे. संध्याकाळी बाबांचा डबा घेऊन आत गेलो की ते मला हलरजवळच्या पोत्यांच्या थप्पीवर बसवायचे. तिथून सगळी मिल दिसायची. बाबांनी हात वर केला की पट्टा सुटायचा, हात फिरवला की पुन्हा चढायचा. कानांना दडे बसायचे आणि मला राजा झाल्यासारखं वाटायचं.

वर्षातून एक दिवस मात्र मिल पूर्ण बंद असे. विश्वकर्मा पूजेचा. यंत्रं धुवायची, पुसायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, प्रसाद वाटायचा. मालक आणि हमाल निघून गेले की बाबा आम्हाला क्वार्टरच्या ओट्यावर बसवत आणि उजव्या हाताचं एक बोट वर करत. “आता कोनी बोलू नका. शांतता बोलून राहिली.” आम्ही श्वास धरून ऐकायचो. आणि खरोखर ती ऐकू यायची. बारीक, सलग, कुठे न तुटणारी. आई म्हणायची, दूध उतू जायच्या आधी चुलीवर गंज बोलते तशी. मोठा भाऊ म्हणायचा, विजेच्या तारेत असते तशी. दोघांचं थोडं भांडण व्हायचं. बाबा बोट खाली करत नाहीत तोवर कोणी हलायचं नाही. मला दिवाळीपेक्षा तो ओटा जास्त आवडायचा, कारण तेवढा वेळ मीसुद्धा स्वस्थ बसत असे.

लग्नानंतर पहिल्यांदा बायकोच्या माहेरी गेलो, तर तलावाच्या पाळीखालचं ते गाव दुपारच्या जेवणानंतर सगळं आडवं झालेलं. हा तलाव आमच्याच लोकांनी बांधला, असं तिच्या घरचे अजून सांगतात. मी ओसरीवर बसलो आणि तिला म्हणालो, “तुमच्या गावची शांतता फार जोरात आहे.” ती लाजली. तिला वाटलं, नवरा कविमनाचा मिळाला. हा समज पुढे कितीतरी वर्षं टिकला आणि तो दूर करायच्या भानगडीत मीही पडलो नाही.

पहिला डॅक मी असाच गंमत म्हणून घेतला. मोबाइलला लावला, हेडफोन त्यात खोचला, आणि लहानपणापासून पाठ असलेल्या एका अभंगात गाणाऱ्याने ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास मला प्रथमच ऐकू आला. मी उठून उभा राहिलो. इतकी वर्षं तो श्वास तिथेच होता आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी बायकोच्या मागे लागून तिच्या कानांवर हेडफोन चढवला. तिने ऐकलं, “छान आहे जी,” म्हणाली आणि कुकर उतरवायला गेली.

पण त्याच अभंगात पुढे एक जागा आहे. कडवं संपतं, तबला थांबतो आणि पुढचं कडवं सुरू होण्याआधी क्षणभर काहीच नसतं. त्या क्षणी मला मागे काहीतरी ऐकू आलं. सर्रर्र असं, बारीक. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. या नादाच्या लोकांचा मोबाइलवर एक गट आहे. नागपूर, रायपूर, पुणे, कुठकुठचे लोक त्यात आहेत. तिथे विचारलं. उत्तर आलं की साध्या डॅकमध्ये मागे अशी खरखर राहायचीच; चांगला घेतला की सुरांच्या मागे काळीभोर शांतता मिळते. हा काळीभोर शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. मला दुसरं काही नको होतं. दोन सुरांच्या मध्ये जिथे काही नसायला हवं तिथे खरोखरच काही नसावं, आणि ते मला एकदा तरी ऐकायला मिळावं, एवढंच.

दुसरा डॅक आला. डग्गा घुमायला लागला, तंबोऱ्याच्या तारा सुट्या झाल्या. सर्रर्र जागच्या जागी. आता माझा संशय विजेवर गेला. आमच्या घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे. इलेक्ट्रिशियन बोलावून तो उकरला, नवं मीठ भरलं, कोळसा भरला आणि उन्हाळ्यात तो सुकू नये म्हणून रोज बादलीभर पाणी घालायला लागलो. शेजारच्या काकांनी कुंपणावरून दोन-चारदा पाहिलं. शेवटी त्यांना राहवलं नाही. “कायचं झाड लावलं जी? अजून वर नाही आलं.” गाण्यासाठी जमिनीला पाणी घालतो आहे, हे त्यांना कसं सांगणार? आंबा आहे, असं सांगून मी आत आलो.

मग फ्रीज. मी ऐकायला बसलो की फ्रीज बंद. एकदा तो पुन्हा सुरू करायचा राहून गेला आणि बायकोने लावलेलं दही आंबून ताकाच्याही पलीकडे गेलं. मग एलईडीचे दिवे, वायफायचा डबा, कूलर. भर मे महिन्यात कूलर बंद करून, दारं-खिडक्या लावून, घामाने निथळत मी काळीभोर शांतता शोधत बसायचो. इन्व्हर्टरवर माझा विशेष राग होता. त्याची लाइन मी माझ्या खोलीपुरती तोडूनच टाकली. बॉयलरची धडधड, पट्ट्याची सळसळ, यंत्राची प्रत्येक खोड मी ओळखतो, हा माझा लहानपणापासूनचा तोरा. हा आवाज यंत्राचाच आहे आणि यंत्राचा आहे म्हणजे तो काढता येतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

“मले एक सांगा,” बायको एकदा म्हणाली. ती दारात उभी होती आणि मी त्या एकाच जागेवर गाणं मागेपुढे करत होतो. “तुम्ही गाणं ऐकून राहिले का गाण्याच्या मधातला खड्डा ऐकून राहिले?”

मी चिडलो. चिडायचं कारण एवढंच की तिचं बरोबर होतं. अभंगाचे शब्द माझ्या लक्षातही येईनासे झाले होते. मी त्या खड्ड्याची वाट पाहायचो, खड्डा यायचा, त्यात सर्रर्र असायचं आणि मी उठायचो.

म्हणून हा तिसरा. त्यातही सर्रर्र होतंच, आणि तो पहिल्या दिवशीच माझ्या मनातून उतरला. गटावरचे एक गृहस्थ देवरीकडे राहतात. त्यांच्याकडे फार नावाजलेला डॅक आहे. ते म्हणाले, तुमचा घेऊन या, माझा मी आणतो, दोन्ही लावून पाहू. दोघांना सोयीचं म्हणून कोहमाऱ्याच्या चौकातला एक ढाबा ठरला. तिथे आम्ही त्यांच्या गाडीत काचा लावून, दोन्ही डॅक गाडीच्या चार्जरला जोडून बसलो. बाहेर ट्रक उभे, पोऱ्या चहा घेऊन काचेवर टकटक करतो आहे, आणि आत दोन वयस्कर माणसं मांडीवर डबे घेऊन डोळे मिटून बसलेली. जवळच्या बाकावरच्या ड्रायव्हर लोकांनी आमच्याबद्दल काय अंदाज बांधला असेल, कोण जाणे.

मी त्यांच्या डॅकवर माझा अभंग लावला. खड्डा आला. सर्रर्र.

“तुमच्यातही येतो,” मी म्हणालो. जिवाला जरा बरं वाटलं.

त्यांनी हेडफोन घेतला, डब्याचं झाकण लावावं तसा कानांवर दाबला आणि माझ्या डॅकवर तीच जागा ऐकली, मग त्यांच्या डॅकवर. “काही नाही हो,” ते म्हणाले. “दोन्हींत मागे काही नाही. एकदम काळंभोर.”

मी त्यांना आणखी तीन गाणी ऐकवली. ते दर वेळी नाही म्हणाले आणि शेवटी घड्याळ पाहायला लागले. परतीच्या सगळ्या रस्त्यात मला त्यांची कीव येत होती. इतका नावाजलेला डॅक आणि असे जाडेभरडे कान.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, मी ऐकत असताना लाइट गेली. डॅकवरचा निळा दिवा विझला. गाणं मध्येच तुटलं. मी रागाने हेडफोन काढणार तोच लक्षात आलं की सर्रर्र सुरू आहे. यंत्रात थोडी वीज शिल्लक असेल म्हणून थांबलो. मग प्लग उपटला. मग हेडफोनची पिन काढली. शेवटी हेडफोनही काढून मांडीवर ठेवला. कूलर बंद, पंखा बंद, फ्रीज बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि तोच आवाज, तसाच, तेवढाच.

मला एकदम उलगडा झाला आणि मी हसायलाच लागलो. हा तर आमचा जुना ओळखीचा! ओट्यावरचा! डॅक शुद्ध होता, दुसराही शुद्ध होता, बोटाएवढा बिचारा पहिलासुद्धा शुद्ध होता. यंत्राने आपली खरखर पुरती काढून टाकली होती आणि मागे उरला होता तो शांततेचा आवाज. मला काळीभोर शांतता केव्हाच मिळाली होती, मीच तिला ओळखलं नाही. किती दिवसांनी अंगात हलकं वाटलं. मी धावतच ओसरीत गेलो.

बायको वाळलेल्या कुरड्या डब्यात भरत होती.

“सापडलं,” मी म्हणालो. “यंत्र एकदम चांगलं आहे. तो मागचा आवाज यंत्राचा नव्हताच. तो शांततेचा आहे.”

“कायचा आहे?”

“शांततेचा. लाइट गेली ना, सगळं बंद आहे. ऐक, आताही येऊन राहिला.”

तिने हात थांबवून ऐकलं. “कोठी?”

“अगं, शांततेचा आवाज. कोणी बोलत नसलं, काही वाजत नसलं की येतो तो.”

“शांततेले कायचा आवाज जी?” ती म्हणाली. “काही वाजत नसलं तर काही येत नाही.”

मला वाटलं, गाण्यातल्या खड्ड्यावरून मी चिडलो त्याचा राग अजून आहे, थट्टा करते आहे. मी म्हणालो, “तुला लहानपणापासून कधीच नाही आला?” ती नाही म्हणाली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा बाजूला ठेवला.

“तुम्हाले येऊन राहिला? आता? मी बोलून राहिली तरी?”

“येतो.”

“आमच्या गावची शांतता जोरात आहे म्हणले होते तुम्ही,” ती हळूच म्हणाली. “ते खरंच म्हणले होते?”

मी हो म्हणालो. तिची ती जुनी कविता त्या क्षणी तिच्या हातून गेली, आणि माझ्या पायाखालून काय गेलं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढचे काही दिवस मी दिसेल त्याला विचारत सुटलो. एकदम शांत असलं की तुम्हाला काय ऐकू येतं? ग्रंथालयातला शिपाई म्हणाला, काही नाही, पण सर तुमची तब्येत बरी आहे ना? पुस्तक बदलायला आलेल्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. कुरिअरवाला म्हणाला, “साहब, मुझे तो मिलती ही नहीं, सुनूँ कहाँ से?” देवरीकडच्या गृहस्थांना फोन केला. ते सावधपणे म्हणाले, काही नाही. ज्यांच्या कानांची मी कीव केली होती त्यांचेच कान चांगले होते. शेवटी मोठ्या भावाला विचारलं. तोही आयुष्यभर मिलमध्येच होता. तो म्हणाला, “येते ना शांतता ऐकू. साऱ्यांलेच येते. काऊन विचारून राहिला?” मी फोन ठेवला. साऱ्यांना नाही, फक्त आमच्या घरातल्या साऱ्यांना.

कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवून कानांत शिट्ट्या वाजवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. बारीक शिट्ट्या कोणत्या आणि माझी ती आपली कोणती, हेच मला कळेना. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “लहानपणी कुठे राहायचात?” मी मिल म्हणालो, तशी त्यांनी मान हलवली. पुढे विचारायची त्यांना गरज पडली नाही. कानात आत फार नाजूक पेशी असतात, त्या मोठ्या आवाजाने मरतात, आणि तिथून काही येईनासं झालं की मेंदू आपल्या मनानेच आवाज भरत बसतो, असं ते म्हणाले. आकडे नसतानाही वाजणारा एक डॅक माझ्या डोक्यात होता तर. तो बदलता येत नव्हता. हे जाईल का, असं विचारलं तर म्हणाले, “जाणार नाही. सवय होईल.”

सवय तर मला जन्माची होती. तीच मोडली. जो आवाज मी ओट्यावर बसून प्रेमाने ऐकला तो आता मला कुठे बसू देईना. ग्रंथालयात पाटीखाली तो, रस्त्यावर तो, भांड्यांच्या आवाजाच्या मागे तो. डॅकवर मी कापड टाकलं. अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालणं थांबलं आणि शेजारचे काका म्हणाले, गेला वाटते आंबा. बायको म्हणायची, “इतके दिवस काही नव्हतं. नाव कळलं तर त्रास होऊन राहिला.” तिला कसं सांगू? मला त्रास आवाजाचा नव्हता. मी शांतता कधी ऐकलीच नव्हती आणि आता ती ऐकायची सोयही उरली नव्हती, याचा होता. आणि आई गेली, तीसुद्धा दूध उतू जायच्या आधीच्या त्या आवाजालाच शांतता समजून गेली.

मला राग आला. मालकाचा आला, पण तो केव्हाच मिल विकून गेलेला. मग सगळा राग बाबांवर जमला. पोत्यांच्या थप्पीवर मला कोणी बसवलं? कानात घालायला कापसाचा बोळा तरी द्यायचा. आणि वर बोट करून सांगायचं, शांतता बोलते. कानांचं मातेरं करून त्याचा सण साजरा करायला शिकवलं आम्हाला. मी हे सगळं मनात इतक्या वेळा म्हटलं की तोंडपाठ झालं. एक दिवस बायकोला म्हणालो, मुर्रीला जाऊन बाबांना सांगून येतो.

“कायले सांगता त्याहीले? या वयात ते काय करतील?”

तरी ती बरोबर आली. मी काहीतरी तोडून बोलेन अशी तिला धास्ती असावी. मी डॅक आणि हेडफोन पिशवीत घेतले; नुसतंच भांडायला गेलो असं दिसू नये म्हणून.

बाबा आता भावाकडे असतात. आम्ही गेलो तेव्हा घरात ते एकटेच, टीव्ही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा लावून बसलेले. बायकोने टीव्ही बंद केला आणि त्यांच्या पाया पडली. मी पिशवीतून डबा काढला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, वजन पाहिलं, झाकणाचे स्क्रू अंगठ्याने चाचपले. “काम साफ आहे,” म्हणाले. यंत्र कोणतंही असो, बाबा आधी त्याचे स्क्रू पाहतात.

मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. गावातल्या दंडारीच्या नाचगाण्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, ते आवाज वाढवून लावलं. बाबा आधी दचकले. मग त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरायला लागलं, मग मान हलायला लागली. त्यांचा चेहरा उघडत गेला. तोंडपाठ केलेलं मी मनात पुन्हा एकदा म्हणून घेतलं. गाणं संपलं की बोलायचं.

गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायला अजून वेळ होता. आणि बाबांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

“पाह्य,” ते हसून म्हणाले, हेडफोन कानांवर असल्यामुळे फारच मोठ्याने. “बोलून राहिली. अजून तशीच आहे.”

त्यांनी डाव्या हाताने हेडफोन काढला आणि कौतुकाने सुनेच्या हातात दिला. “तूही ऐक वो. आली का ऐकू?”

तिने कानांवर लावला. माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला ती जाम कच्ची आहे. “नाही मामाजी,” ती मोठ्याने म्हणाली. “मले शांततेत काही ऐकू येत नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“सारे झोपले, तलावाच्या पाळीवर कोनी नाही, वारा नाही. तवाही नाही?”

“नाही मामाजी.”

बाबांचं बोट अजून वरच होतं. “मंग भेव नाही लागत वो तुले?”

“नाही,” ती म्हणाली. “झोप लागते.”

बाबांनी बोट खाली घेतलं. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “अन् तुले रे?” त्या आवाजात धास्ती होती. इतक्या जवळून मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती.

“मले येते, बाबा,” मी म्हणालो. “तुमच्यासारखीच.”

“मंग बरं,” बाबा म्हणाले आणि हेडफोन पुन्हा कानांवर चढवला.